सहा बाइट प्रमाणित करून घेताना

डीएनएस ही इंटरनेटवरच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, आणि रिझॉल्व्हर म्हणजे तो शोध घेणारा सर्व्हर. त्याच्यावर भार वाढला की तो बरेचदा 'सर्व्हफेल' एवढंच उत्तर देऊन मोकळा होतो. नाव शोधता आलं नाही, बस्. पुढे काय करायचं याचा त्या उत्तरात पत्ता नसतो. म्हणून समोरचं प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर, म्हणजे क्लायंट, त्याला सुचेल ते करतं, आणि बहुतेकांना सुचतं एकच: लगेच पुन्हा विचारायचं. आधीच टेकीला आलेल्या सर्व्हरवर दुप्पट-तिप्पट प्रश्न येऊन आदळतात आणि थोड्या वेळात निवळला असता तो बिघाड लांबत जातो. रिझॉल्व्हर चालवणं हेच माझं काम असल्यामुळे मी हे पुष्कळदा पाहिलं होतं. उपायही साधा वाटत होता. उत्तरासोबतच सांगून टाकावं की इतके सेकंद थांब, मग विचार.

अशी जादा माहिती जोडायला डीएनएसमध्ये जागा आहे. ईडीएनएस नावाच्या विस्ताराने ती 1999 साली करून दिली आणि 2013 च्या आरएफसी 6891 ने तिचे नियम नव्याने मांडले (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम वगैरे मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). अशा जोडणीला 'पर्याय' म्हणतात. त्याच्या क्रमांकाला दोन बाइट, लांबीला दोन बाइट आणि त्यापुढे प्रत्यक्ष माहिती. आमची माहिती म्हणजे सेकंदांचा एक आकडा, तोही दोन बाइटांत मावणारा. सगळे मिळून सहा बाइट. 2020 च्या आरएफसी 8914 मुळे बिघाडाचं कारण उत्तरासोबत कळवता येतं, पण परत कधी यावं हे त्यात येत नाही. दुसऱ्या संस्थेत असंच काम करणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर मी मसुदा लिहायला घेतला.

नुसता क्रमांक हवा असता तर काम लवकर झालं असतं. या पर्यायांच्या क्रमांकांची नोंदवही आयएना ही इंटरनेटचे असे क्रमांक वाटणारी संस्था सांभाळते, आणि नेमलेल्या तज्ज्ञाने अर्ज तपासून होकार दिला की क्रमांक मिळतो. पण क्रमांक मिळाला म्हणून जगभरातले रिझॉल्व्हर आणि क्लायंट त्या आकड्याचा एकच अर्थ लावतील असं होत नाही. ते व्हायला प्रमाण लागतं, आणि इंटरनेटच्या प्रोटोकॉलची प्रमाणं जिथे घडतात ती जागा म्हणजे आयईटीएफ. जानेवारी 1986 मध्ये 21 जणांच्या बैठकीने तिची सुरुवात झाली. तिथे सदस्यत्व असा प्रकार नाही. कंपन्या किंवा देश तिथे मत देत नाहीत, माणसं स्वतःच्या नावाने बोलतात. मसुदा चढवायला ना पैसे लागतात, ना कुणाची शिफारस. एक अट मात्र पहिल्या पावलापासून लागू होते: तुम्ही जे मांडता त्यावर तुमचं किंवा तुमच्या मालकाचं पेटंट असल्याचं तुम्हाला ठाऊक असेल, तर ते उघड करायचं. आम्ही दोघांनी आपापल्या कायदा विभागाकडून याची खात्री करून घेतली, मगच मसुदा चढवला.

आयईटीएफमधला ड्राफ्ट सहा महिने जगतो. तेवढ्यात नवी आवृत्ती आली नाही तर तो मुदतबाह्य ठरतो. मला हा नियम फार आवडला. ज्या कल्पनेमागे कुणी उभं नाही ती आपोआप बाजूला पडते, तिला नाकारायला कुणाला वेळ घालवावा लागत नाही.

पहिली खरी कसोटी होती वर्किंग ग्रुपने, म्हणजे त्या विषयावर काम करणाऱ्या गटाने, मसुदा दत्तक घेण्याची. प्रत्येक गटाला सनद असते, त्यात कामाची हद्द आखलेली असते, आणि ती सनद वरच्या समितीने मंजूर केलेली असते. हद्दीबाहेरचं काम गटाचे अध्यक्ष घेऊच शकत नाहीत. आमचा विषय हद्दीत बसत होता, पण डीएनएसवाल्यांना नव्या पर्यायांचा कंटाळा आलेला आहे, आणि त्याला कारण आहे. 2018 मध्ये आयईटीएफच्या लंडनच्या बैठकीत डीएनएस सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बर्ट ह्यूबर्ट यांनी डीएनएसच्या साठत गेलेल्या आरएफसींचा ढीग मांडून विचारलं होतं की या उंटाच्या पाठीवर आणखी किती लादणार. तेव्हापासून प्रत्येक नव्या मसुद्याला तो प्रश्न विचारला जातो. आम्हालाही विचारला गेला. आम्ही आमच्याकडच्या ओव्हरलोडच्या वेळची नोंद दाखवली: बिघाड सुरू झाल्यावर आलेल्या प्रश्नांत नवे किती आणि तेच ते पुन्हा विचारलेले किती. त्याहून जास्त वजन पडलं ते एका रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरच्या लेखकाने 'हे आलं तर मी कोड लिहीन' असं म्हटल्याचं. तिथे पाठिंबा म्हणजे काम अंगावर घेणं.

दत्तक गेल्यावर मसुद्याच्या नावातून आमचं आडनाव गेलं आणि तिथे 'आयईटीएफ' आलं. हा बदल नावापुरता नाही. मजकुरात काय राहील हे यापुढे गट ठरवतो, आणि आपण त्याचे संपादक उरतो. मला न पटलेली दोन वाक्यं मी स्वतःच्या हाताने त्यात घातली, कारण गटाचं तसं ठरलं होतं.

बैठकीत सर्वांत मोठा वाद क्लायंटने थांबणं सक्तीचं असावं की शिफारशीपुरतं, यावर झाला. अध्यक्षांनी हमिंग मागितलं. एक बाजू पटणाऱ्यांनी ओठ मिटून हुंकार द्यायचा, मग दुसऱ्या बाजूच्यांनी. दुरून जोडलेल्यांसाठी पडद्यावर हात वर करायची सोय होती. हे मतदान नव्हे. सभागृह कुठल्या बाजूला झुकतंय आणि आक्षेप कुठे अडकलाय एवढंच त्यातून अध्यक्षांना कळतं, आणि जे ठरेल ते नंतर मेलिंग लिस्टवर पक्कं करावं लागतं, कारण बैठकीला न आलेल्यांचाही आवाज तेवढाच धरला जातो. यावर 2014 चा आरएफसी 7282 आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की शंभर जण बाजूने आणि पाच जण विरोधात असले तरी सहमती झालेली नसू शकते. त्या पाचांच्या मुद्द्याला उत्तर मिळालं का, हे महत्त्वाचं.

आमच्या बाबतीत असा माणूस एकच निघाला. घरगुती राउटरवर चालणारं डीएनएस सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याचा प्रश्न असा: राउटरमधला फॉरवर्डर, म्हणजे प्रश्न वरच्या रिझॉल्व्हरकडे पोचवणारा भाग, मध्ये बसलेला असतो. ईडीएनएसची नोंद पुढे सरकवायची नाही असा नियम आहे, ती फक्त शेजारच्या दोघांमधली असते. पण नियम न पाळणारे फॉरवर्डर आहेतच. वरच्या रिझॉल्व्हरने 'तीस सेकंद थांब' म्हटलं आणि फॉरवर्डरने ते जसंच्या तसं लॅपटॉपकडे ढकललं, तर लॅपटॉप फॉरवर्डरशीच बोलणं थांबवेल. मग फॉरवर्डरच्या कॅशमध्ये तयार असलेली उत्तरंही त्याला मिळणार नाहीत. बाकी सगळे आमच्या बाजूने होते. तरी अध्यक्षांनी मसुदा पुढे सोडला नाही. तेव्हा मला ते जाचलं, कारण आमच्या नियमाप्रमाणे वागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रसंग येणारच नव्हता. पण त्या गृहस्थाने पॅकेट पकडून दाखवलं: वरून आलेली नोंद, खाली गेलेली नोंद, दोन्ही बाइटाला बाइट सारख्या. वापरातलं उपकरण असं वागत असेल तर प्रमाणाने त्याची दखल घ्यायलाच हवी. शेवटी पर्यायासोबत तो देणाऱ्या सर्व्हरची खूण घालायची का, यावर पुष्कळ बोलणं झालं. आकार वाढू नये म्हणून ते सोडून दिलं. त्याऐवजी थांबण्याचा सल्ला फक्त त्या विशिष्ट नावाच्या प्रश्नाला लागू होईल, संपूर्ण सर्व्हरला नाही, असं ठरलं. फॉरवर्डरने चूक केली तरी नुकसान एका नावापुरतं राहतं. मसुदा त्या आक्षेपामुळे सुधारला, यात मला शंका नाही.

यानंतर बैठकीआधीच्या हॅकेथॉनमध्ये दोन वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेले कोड एकमेकांशी बोलले. इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या डेव्हिड क्लार्क यांचं 1992 मधलं ढोबळ सहमती आणि चालता कोड हे सूत्र तिथे अजूनही मनापासून पाळलं जातं. शून्य सेकंद म्हणजे काय, हा प्रश्न कागदावर कुणाला पडला नव्हता, कोड लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडला.

गटाचा लास्ट कॉल, म्हणजे हरकती नोंदवायची शेवटची मुदत, झाला. मसुद्याची पाठराखण करणाऱ्या शेफर्डने त्याचा इतिहास, वाद आणि पेटंटची स्थिती लिहून दिली, आणि मसुदा गटाच्या हातून सुटला.

इथून पुढे आयईएसजीचं काम सुरू होतं. गटांच्या सनदा मंजूर करणारी वरची समिती ती हीच. आयईटीएफचं काम रूटिंग, सुरक्षा, ऑपरेशन्स अशा क्षेत्रांत वाटलेलं असतं. प्रत्येक क्षेत्राचे एरिया डायरेक्टर आणि आयईटीएफचे अध्यक्ष मिळून ती बनते. आमच्या क्षेत्राच्या डायरेक्टरने आधी एकट्याने मसुदा ओळ न् ओळ वाचला. मग संपूर्ण आयईटीएफसाठी दोन आठवड्यांचा लास्ट कॉल जाहीर केला. डीएनएसशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही वाचावं आणि बोलावं यासाठी हा काळ असतो. त्याच सुमारास वेगवेगळ्या क्षेत्रांचे स्वयंसेवक परीक्षक मसुदा वाचतात. सुरक्षेचा एक, ऑपरेशन्सचा एक, सर्वसाधारण वाचक म्हणून एक. यांना विषय नवा असतो, आणि म्हणूनच त्यांचं वाचन मोलाचं.

नेटवर्क चालवण्याच्या बाजूने आलेलं परीक्षण दीड पानांचं होतं. त्यातल्या दोन गोष्टी मला आजही तोंडपाठ आहेत. पहिली: लाखभर क्लायंटना तुम्ही एकाच वेळी 'तीस सेकंद थांबा' सांगितलंत, तर तिसाव्या सेकंदाला ते सगळे एकदम येतील. थांबण्याच्या वेळेत प्रत्येकाने स्वतःहून थोडा यादृच्छिक फरक घालणं आवश्यक आहे. दुसरी: डिसेंबर 2023 च्या आरएफसी 9520 नुसार न सुटलेल्या प्रश्नाची आठवण रिझॉल्व्हरने किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त पाच मिनिटं ठेवायची असते. तुमचा आकडा त्या मर्यादेपलीकडे गेला तर दोन प्रमाणं दोन गोष्टी सांगतील. गटात आम्ही सगळे डीएनएसमध्ये मुरलेले, आणि बाहेरच्या एका वाचकाने ही दोन टोकं जुळवून दिली. त्या परीक्षकाला यातून काय मिळालं? आरएफसीच्या शेवटी आभारांत एक नाव. अशी माणसं नसती तर समितीला हे काम झेपलंच नसतं.

आयईएसजीची औपचारिक चर्चा साधारण दर दोन आठवड्यांनी होते. त्याआधी प्रत्येक डायरेक्टर आपलं म्हणणं नोंदवतो: 'येस', 'नो ऑब्जेक्शन', 'डिस्कस', 'अ‍ॅबस्टेन' किंवा हितसंबंध असेल तर 'रिक्यूज'. हे सगळं नोंदवल्या क्षणी जगाला दिसतं. एकही डिस्कस शिल्लक असेपर्यंत मसुदा मंजूर होत नाही. आमच्या मसुद्यावर एक डिस्कस पडला, सुरक्षा क्षेत्राकडून.

मुद्दा असा होता. साध्या यूडीपीवरचं, म्हणजे आधी जोडणी न करता नुसतं पाठवून दिलेलं, डीएनएसचं उत्तर खरं कुणाकडून आलं हे सिद्ध होत नाही. 2008 मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं की खोटी उत्तरं घुसवणं वाटतं त्याहून सोपं आहे. दोन बाइटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा 65535, म्हणजे अठरा तासांहून जास्त. कुणी एक खोटं पॅकेट पाठवून एखाद्या क्लायंटला एखाद्या नावापुरतं अठरा तास गप्प बसवू शकेल. क्लायंट स्वतःची मर्यादा लावू शकतो, असं मसुद्यात होतं, पण ते ऐच्छिक होतं.

माझ्या सहकाऱ्याने चांगला प्रतिवाद केला. जो खोटं उत्तर घुसवू शकतो तो खोटा पत्ताच देईल, थांबायला कशाला सांगेल? उत्तर त्याच दिवशी आलं: डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या माहितीवरची डिजिटल सही, तपासणारा क्लायंट खोटा पत्ता सही तपासून फेकून देईल, पण ईडीएनएसच्या नोंदीवर डीएनएससेकची सही नसते. म्हणजे ज्याने स्वतःला सुरक्षित करून घेतलंय, त्यालाच हा पर्याय नव्याने उघडा पाडतो. यावर आमच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मग काय करावं, यावर पुष्कळ पत्रव्यवहार झाला. हा पर्याय फक्त एन्क्रिप्टेड जोडणीवरच मानायचा, तर टीएलएस आणि एचटीटीपीएसवरून चालणारं डीएनएस आहेच, पण यूडीपी वापरणाऱ्यांना त्याचा काहीच फायदा नाही, आणि ओव्हरलोडचा त्रास तर त्यांच्याकडूनच जास्त. मधला रस्ता डीएनएस कुकीचा निघाला. 2016 च्या आरएफसी 7873 मधली ही सोय, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर यांनी एकमेकांना दिलेली ओळखखूण, दुरून अंदाजाने पॅकेट पाठवणाऱ्याला रोखते. ठरलं असं की जोडणी एन्क्रिप्टेड असेल किंवा उत्तरात बरोबर कुकी असेल तरच क्लायंटने आकडा मानायचा, आणि कुठल्याही परिस्थितीत पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही. बदल मोठा असल्यामुळे डायरेक्टरने तो परस्पर स्वीकारला नाही. मजकूर पुन्हा वर्किंग ग्रुपकडे गेला, अध्यक्षांनी विचारणा केली, कुणाची हरकत आली नाही, मग डिस्कस उठला.

डिस्कस कशावर घालता येतो यालाही लिखित निकष आहेत. गटाने सगळ्या बाजू माहीत असताना घेतलेला निर्णय डायरेक्टरला वैयक्तिकरीत्या पसंत नाही, हे कारण चालत नाही. वाक्यरचना आवडली नाही, हेही नाही. आक्षेप नेमका हवा, आणि काय केलं म्हणजे तो सुटेल हे सांगता यायला हवं. आयईएसजीचा अधिकार एवढाच आहे आणि तो पुरतो. ती कुणालाही प्रोटोकॉल वापरायला भाग पाडू शकत नाही. अनुत्तरित आक्षेप घेऊन दस्तऐवज पुढे जाऊ न देणं, हे तिच्या हातात आहे. इंटरनेटवर देखरेख करणारी समिती अशीच असावी, असं माझं आता ठाम मत आहे.

हा अधिकार तिच्याकडे आला त्यामागे एक भांडण आहे. 1992 मध्ये आयपीचे पत्ते संपत येणार हे दिसू लागलं होतं, आणि त्या वेळी प्रमाणांना मान्यता देणाऱ्या आयएबी या मंडळाने नव्या आयपीसाठी सीएलएनपी या दुसऱ्या प्रोटोकॉलचा आधार घ्यावा असा कौल दिला. आयईटीएफमध्ये संतापाची लाट उसळली. तंत्राबद्दल मतभेद होतेच, पण खरा राग होता तो काम करणाऱ्यांना न विचारता वरून ठरवल्याचा. त्यातून झालेल्या फेररचनेत प्रमाणं मंजूर करण्याचं काम आयईएसजीकडे आलं आणि पदांवर माणसं निवडण्यासाठी नॉमकॉम या निवड समितीची पद्धत बसली. नॉमकॉमचे मतदार सभासद दहा, तेही पात्र स्वयंसेवकांतून चिठ्ठी टाकून. ती सोडतसुद्धा कुणालाही स्वतः गणित करून पडताळता येईल अशा पद्धतीने काढतात. एका संस्थेचे दोनपेक्षा जास्त जण त्यात चालत नाहीत. आयएबीकडे आता इंटरनेटच्या एकूण रचनेचा दूरवरचा विचार आणि अपिलं आहेत: अध्यक्षांचा निर्णय पटला नाही तर एरिया डायरेक्टर, मग आयईएसजी, मग आयएबी. दाद दोन महिन्यांच्या आत मागायची. आमच्या मसुद्यावर कुणी मागितली नाही.

मंजुरीनंतर आरएफसीचे संपादक. त्यांनी भाषा तपासली, संदर्भ जुळवले, आयएनाच्या नोंदवहीतला क्रमांक मजकुरात बसवला, आणि शेवटी 'ऑथ48' आलं. लेखकांनी अठ्ठेचाळीस तासांत अखेरचा होकार द्यावा, म्हणून हे नाव. आम्हाला जास्त लागले, बहुतेकांना लागतात. हा टप्पा शांतपणे आणि पूर्ण एकाग्रतेने करण्याचा आहे, कारण आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्यातलं अक्षरही बदलत नाही. एप्रिल 1969 मधला पहिला आरएफसी आजही आहे तसाच वाचायला मिळतो.

आमचा दस्तऐवज सध्या 'प्रपोज्ड स्टँडर्ड' आहे. पूर्वी वर आणखी दोन पायऱ्या होत्या. 2011 च्या आरएफसी 6410 पासून एकच उरली आहे: किमान सहा महिने उलटलेले हवेत, एकमेकांशी जुळणारी किमान दोन स्वतंत्र अंमलबजावणी हवीत आणि प्रत्यक्ष वापराचा भरपूर अनुभव हवा. अंमलबजावणी आहेत, वापर वाढतो आहे. मध्यंतरी एका अनोळखी प्रोग्रामरने एरेटा, म्हणजे छापलेल्या मजकुरातली चूक, नोंदवला. एका उदाहरणात लांबीच्या जागी दोनऐवजी चार छापलंय असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. लांबी फक्त पुढच्या माहितीची मोजायची असते, क्रमांकाचे आणि लांबीचे स्वतःचे बाइट त्यात धरायचे नसतात. आम्ही सहमती कळवली आहे. आता आमच्या क्षेत्राचे डायरेक्टर तो तपासून 'व्हेरिफाइड' म्हणून नोंदवतील, आणि त्यानंतर कोड लिहायला बसणाऱ्याला मूळ मजकुरासोबत ही दुरुस्तीही दिसेल.